मदत हवी आहे : लहान मुलांना गुहाचित्रं कशी शिकवायची?

पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी आदिमानवाच्या गुहाचित्रांवर दोन तासांचा वर्ग घ्यायचाय, आयडिया हव्यात. सुरुवात अल्तामिराच्या गोष्टीने करणारे, स्पेनमधल्या त्या गुहेत 1879 साली वडील जमीन उकरत बसले होते आणि छतावरचे बायसन आधी दिसले ते त्यांच्या छोट्या मारियाला, मुलांना हे ऐकून किती भारी वाटेल! मग टेबलाखाली चुरगाळलेला ब्राऊन पेपर चिकटवून, लाइट बंद करून, टॉर्चच्या उजेडात आडवं पडून कोळशाने आणि गेरूने प्राणी काढू द्यायचे, कारण तेव्हाही चरबीच्या दिव्यावरच काढायचे ना.

अडतंय दोन ठिकाणी. एक म्हणजे हाताचे ठसे, तेव्हा भिंतीवर हात ठेवून तोंडाने किंवा पोकळ हाडातून रंग फुंकायचे, पण मुलांना फुंकायला लावलं तर रंग पोटात जाणार, मग टूथब्रशने उडवू की स्प्रे बाटलीत पातळ गेरू भरू, कडा नीट उठतात का त्याने? आणि दुसरं, खरं अवघड, फ्रान्समधल्या लास्को गुहेतली चित्रं साधारण 17,000 वर्षांपूर्वीची हे या वयाला कसं सांगायचं? त्यांच्यासाठी आजी, डायनासोर सगळं एकाच काळातलं. कोणी वर्गात करून बघितलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.