मदत हवी आहे: रानडुकरं मारायला बंदूकवाला हवाय

वांगकाठ
मंडळी, रानडुकरांनी जीव नकोसा केलाय. काल एका रात्रीत अर्धा एकर नांगरल्यागत करून ठेवलं. जमीन माझ्या मालकीची, माझी काही हरकत नाही. कुणी परवानाधारक असेल तर येऊन मारावीत. राहायची-जेवायची सोय घरी करतो. ओळखीत कुणी असेल तर लवकर सांगा.

बारा बोर
गाव-तालुका? पीक काय? जंगलाची हद्द किती लांब? वनखात्याची परवानगी काढलीय का?

वांगकाठ
पाटण तालुका, ढेबेवाडी खोरं. परवानगी कशाला, रान माझंच आहे की.

बारा बोर
रान तुमचं, डुक्कर सरकारचं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये, म्हणजे त्या कायद्यातल्या संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहे. पिकाचं नुकसान करत असेल तर कलम ११ खाली मारायची परवानगी मिळते, पण लेखी. वनक्षेत्रपालांच्या ऑफिसात अर्ज द्या, पोच घ्या. त्याशिवाय मी काय, कुठलाच शहाणा बंदूकवाला तुमच्या बांधावर येणार नाही. बंदुकीचा परवाना जाईल, वर गुन्हा. मागं एका शेतकऱ्यासाठी गेलो तेव्हा अर्जाला माझ्या परवान्याची झेरॉक्स जोडायला लागली होती.

चिखलवाट
मारून काय होणार? चार मारली तर आठवड्यात दुसरा कळप येतो. झटका मशीन बसवा, सोलरचं, कुंपणाच्या तारेला हात लागला की नुसता झटका देणारं. माझ्या मक्याला दोन तारा लावल्यात, खालची जमिनीपासून वीतभर. डुक्कर नाक लावतं आणि परत फिरतं. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत अनुदान आहे, चौकशी करा. फक्त मेन लाईन तारेत सोडू नका, माणसं मेलीत त्यानं.

बारा बोर
तारेखाली गवत वाढलं की करंट उतरतो. पावसाळ्यात दर आठवड्याला कोण कापत बसणार?

चिखलवाट
मी कापतो. आणि रात्री गोळी झाडणार म्हणता, शेतीपंपाची थ्री फेज वीज रात्रीची असते. शेजारचा माणूस बॅटरी न लावता मोटर चालू करायला उसातून येतो. त्याला लागली तर?

बारा बोर
म्हणूनच मी उसात मारत नाही. मचाणावरून, खाली मोकळं रान असेल तरच. त्या रात्री आजूबाजूच्या सगळ्या घरी आधी सांगून ठेवायचं. हे मान्य नसेल तर मी येत नाही.

चांदोलीकर
आमच्याकडे शिराळ्यात डुकरांपेक्षा गव्यांचा त्रास जास्त. वीस-पंचवीसचा कळप ज्वारीत बसतो. गवा अनुसूची एकमध्ये, हात लावायचा नाही. आम्ही कुणाला सांगायचं?

सदाशिवगड
मारलेल्या डुकराचं मटण वाटून घेता येतं का?

बारा बोर
नाही. परवानगीनं मारलं तरी कलम ३९ प्रमाणे ते सरकारी मालमत्ता. वनरक्षकाला कळवायचं, पंचनामा झाल्यावर विल्हेवाट. वांगकाठ, पीक अजून सांगितलं नाहीत.

वांगकाठ
भुईमूग. दीड एकर, शेंग भरायला आलीय. म्हणून घाई आहे. म्हातारा बाप रोज खोपीत राखणीला झोपतो, परवा डुक्कर त्याच्या अंगावर आलं होतं. थोडक्यात वाचला.

माळावरचा
अहो, आधी नुकसानीचा अर्ज द्या! झाल्यापासून तीन दिवसांत द्यावा लागतो. उकरलेल्या रानाचे फोटो काढा, सातबारा जोडा. पंचनाम्याआधी रान सारखं करू नका, आम्ही वखर फिरवला आणि पैसे गेले.

चिखलवाट
आणि वडिलांना खोपीतून घरी आणा. आजच.

वांगकाठ
आणतो. फोटो काढलेत. उद्या सकाळी ऑफिसात जाऊन दोन्ही अर्ज देतो. बारा बोर दादा, हद्द विचारलीत ना, ओढ्यापलीकडं जंगलच आहे, दोनशे पावलं असेल.

बारा बोर
मग वन हद्दीचा नकाशा तिथंच मागा. गोळी हद्दीपलीकडं जाता कामा नये, आणि जखमी डुक्कर ओढा ओलांडून गेलं तर मागं जाता येणार नाही. परवानगी हातात आली की व्यनि (खाजगी निरोप) करा. पुढच्या शनिवारी मोकळा आहे.