रविवारी पाव कुठून आणायचे?

(सोसायटीचा ग्रुप, मनीषनगर, नागपूर)

बी-४०३ वहिनी: सर्वांना नमस्कार. रविवारी दादरहून माझ्या माहेरचे लोक येताहेत, पंधरा जण. दुपारी पावभाजीचा बेत आहे. इथे चांगला लादी पाव कुठे मिळतो? गेटसमोरून आणला होता, तो भाजीत बुडवला की बोटातच विरघळतो.

ए-२०२ काकू: दुकानातला नको घेऊ गं. सकाळी सायकलवर पत्र्याची पेटी घेऊन येतो ना, त्याच्याकडून घे. साडेसहाला बी विंगखाली भोंगा वाजवतो.

बी-४०३ वहिनी: तो भोंगा पाववाल्याचा आहे होय! मी कूस बदलून परत झोपते 🙈

ए-३०४ भाऊ: मुंबईचे पाहुणे नागपुरात येऊन पावभाजी खाणार? काय जी वहिनी! पाव तर ते रोजच खाऊन राहिले तिकडं. सावजी मटण करा, लंबी रोटी मागवा.

बी-४०३ वहिनी: अर्धे शाकाहारी आहेत भाऊ.

ए-३०४ भाऊ: मग पाटोडीचा रस्सा. सावजी मसाल्यात पाटोडीलाही घाम फोडायची ताकद आहे.

ए-१०१ सेक्रेटरी: कृपया ग्रुपचा उपयोग सोसायटीच्या कामापुरताच करावा. बाकी, आम्ही पाव सदरमधून आणतो.

सी-४०२: खारी आणि टोस्ट हवे असतील तर धरमपेठेत अजित बेकरी. पावाचं माहीत नाही.

बी-२०१ सीए: एका ॲपवरून मागवला होता मागच्या आठवड्यात. दहा मिनिटांत आला आणि अकराव्या मिनिटाला त्यावर हिरवी बुरशी दिसली. पैसे परत मिळाले, पण पोट्ट्यांचा डबा तसाच राहिला.

ए-२०२ काकू: बुरशीचा तेवढा कोपरा काढून टाकायचा नं!

सी-३०१ काका: नको, नको. वर दिसतो तो फक्त शेंडा असतो. ब्रेड जाळीदार, त्याचे तंतू आत कुठवर गेले ते डोळ्यांना दिसत नाही. अख्खं पाकीट टाकायचं.

आणि आता बोलायला लागलोच आहे तर थोडं लांबण लावतो. इथल्या एलआयटी कॉलेजात फूड टेक्नॉलॉजी शिकलो आणि पुढचं सगळं आयुष्य भट्ट्यांजवळ गेलं, तेव्हा सहन करा. बेकरीचं नाव विचारायच्या आधी तिथे माल किती वाजता निघतो ते विचारा. नावाजलेल्या बेकरीचा काल संध्याकाळचा पाव आणि गल्लीतल्या बिननावाच्या भट्टीचा आज पहाटेचा पाव, यांत मी डोळे मिटून दुसरा घेईन. लादीत पाव एकमेकांना खेटून फुगतात, त्यामुळे त्यांना वर आणि खाली तेवढं कवच येतं, बाजू उघड्याच. लादी मोडली की त्या उघड्या बाजूंनी ओल उडायला लागते. म्हणून अख्खी लादी घ्या, खाताना मोडा, आणि सुटे पाव घेऊच नका.

वहिनी, तुमचा पाव विरघळला तो शिळा होता म्हणून नाही. तो घाईत फुगवलेला असतो. खमीर जास्त, साखर जास्त, वेळ कमी. दिसायला टपोरा, आत नुसती हवा. दुकानातच बोटानं हलकं दाबून पाहा. खड्डा भरून वर आला तर घ्या, तसाच राहिला तर ठेवून द्या. दुकानदार डोळे वटारेल, वटारू द्या.

ए-२०२ काकू: आणि उरलेला फ्रिजमध्ये ठेवला की झालं.

सी-३०१ काका: तिथेच गडबड आहे काकू. पाव कडक होतो तो फक्त वाळल्यामुळे नाही. भाजताना मऊ झालेला स्टार्च थंड होताना परत घट्ट बांधला जातो, आणि हे काम शून्याच्या जरा वर, म्हणजे नेमकं आपल्या फ्रिजच्या तापमानाला, सगळ्यात जोरात चालतं. फ्रिजमध्ये बुरशी उशिरा येते हे खरं, पण पाव लवकर म्हातारा होतो. एक-दोन दिवसांचा बाहेर, डब्यात. बाकीचा थेट फ्रीजरमध्ये, तिथे हे काम जवळजवळ थांबतं. काढला की तव्यावर.

ए-२०२ काकू: लग्न झाल्यापासून फ्रिजमध्येच ठेवतेय. तुमच्या काकांनी आजवर तक्रार केलेली नाही.

सी-३०१ काका: त्यांची हिंमत व्हायला हवी ना 😄

ए-४०१: *फॉरवर्ड केलेला संदेश* सावधान!! ब्रेडमध्ये कॅन्सरचं रसायन सापडलं!! सरकार लपवत आहे!! दहा जणांना पाठवा!!

सी-३०१ काका: हे फिरून फिरून येतं. मूळ गोष्ट मे २०१६ ची. दिल्लीतल्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं ब्रेड, पाव, बन, पिझ्झाचे बेस असे ३८ नमुने तपासले. त्यातल्या ८४ टक्क्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट निघालं. पीठ जास्त फुगावं म्हणून ते घालत. पण लपवालपवी कुठे झाली? पुढच्याच महिन्यात, जून २०१६ मध्ये, एफएसएसएआयनं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, पोटॅशियम ब्रोमेट परवानगीच्या यादीतून काढलं. दहा जणांना पाठवायचंच असेल तर हे पाठवा.

ए-४०१: बरं झालं सांगितलंत काका. ब्राऊन ब्रेड तरी चांगला ना? मला शुगर आहे.

सी-३०१ काका: पाकीट उलटं करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. पहिलं नाव मैद्याचं असेल आणि शेवटी कुठेतरी रंग १५० असं दिसलं, तर तो कॅरमलनं सावळा केलेला पांढरा ब्रेड. पहिलं नाव कणकेचं हवं. तसा मिळाला तरी डॉक्टरांना विचारून, आणि मोजून दोन स्लाइस.

बी-३०४: बेकरीच्या पावात अंडं असतं का हो? सासूबाई विचारताहेत.

सी-३०१ काका: साध्या पावात नसतं. गोड बनवर चकाकी यायला दूध लावतात, काही ठिकाणी अंडं. पाकिटावर हिरवा ठिपका बघायचा, सुट्या मालाला तोंडी विचारायचं.

बी-२०१ सीए: जाता जाता माहितीसाठी. साध्या ब्रेडवर जीएसटी नव्हताच. पिझ्झा ब्रेडवर ५ टक्के होता, पाकिटातल्या पराठ्यावर १८. २२ सप्टेंबर २०२५ पासून तिन्ही शून्यावर.

ए-३०४ भाऊ: सीए साहेबांना पराठ्यातही टक्केच दिसून राहिले.

बी-१०२ आजी: (नातू टाइप करून राहिला) आमच्या वेळी डबलरोटी म्हणजे आजाऱ्याचं खाणं. मेयोत कोणी भरती झाला की मोसंबी अन् डबलरोटी घेऊन भेटायले जायचं. ताप उतरला की दुधात भिजवून द्यायची. धडधाकट माणूस खातानी दिसला तर लोक म्हणत, काऊन जी, बरं नाही काय तुले? आता पोट्टे रोज खातात अन् मंग सर्दी होते म्हणतात.

आजी पुढे म्हणते, खरी रोटी म्हणजे रोडगा. कणीक घट्ट भिजवायची, तेल लावून लाटायची, एकावर एक थर घडी करून गोळा वळायचा, अन् गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचा. वरून राख. भाजला की फडक्यात घेऊन झटकायचा, फोडायचा, आत तुपाची धार. संगं वांग्याची भाजी अन् वरण. शेतात, नाहीतर देवळापाशी. फ्लॅटमध्ये नाही होत ते.

ए-३०४ भाऊ: आजी, गच्चीवर करू नं!

ए-१०१ सेक्रेटरी: गच्चीवर निखारे चालणार नाहीत. वॉटरप्रूफिंग नुकतंच झालेलं आहे.

सी-५०४: मी घरी सावरडो करते, म्हणजे विकतचं खमीर न घालता आंबवलेल्या पिठाचा ब्रेड. कोणाला शिकायचा असेल तर स्टार्टर, म्हणजे त्याचं विरजण, देईन. फक्त नागपूरच्या उन्हाळ्यात पुस्तकातलं वेळापत्रक चालत नाही हे आधीच सांगते. तिकडे लिहिलेलं असतं की बारा तास फुगू द्या. मे महिन्यात पारा ४४ वर असताना तो दुपारच्या जेवणाआधीच बरणीचं झाकण ढकलतो आणि संध्याकाळपर्यंत आंबट चिकट होऊन बसतो. मी फ्रिजच्या पाण्यात कणिक भिजवते, रात्री फ्रिजमध्येच सावकाश फुगवते आणि पहाटे ओव्हन लावते. डिसेंबर-जानेवारीत मात्र मजा येते. त्या दिवसांत इथली हवाच तशी असते.

ए-३०४ भाऊ: आमच्याकडे आंबट झाला की फेकतात बाप्पा.

बी-१०२ आजी: (नातू) आजी विचारते, इडलीचं पीठ आंबवून खाता तेव्हा काऊन नाही फेकत?

ए-३०४ भाऊ: आजींपुढे काय बोलणार जी.

सी-२०३ ताई: मी जरीपटक्यात वाढले. फाळणीनंतर आमच्या आजोबांसारखी कितीतरी सिंधी कुटुंबं तिथे येऊन वसली. आमच्याकडे शिळा ब्रेड फेकणं हा गुन्हाच! सेयल डबल करतो आम्ही. तेलात लसूण, कांदा, हिरवी मिरची, मग टोमॅटो, हळद, धणेपूड, मीठ आणि मूठभर सांबार (कोथिंबीर). टोमॅटो गळून गेला की दीड वाटी पाणी, खदखदून उकळी, त्यात ब्रेडचे मोठे तुकडे, झाकण, गॅस बारीक. पाणी आटेपर्यंत हलवायचं नाही, हलवलं की लगदा. याला ब्रेड आदल्या दिवशीचाच हवा, ताज्याचा चिखल होतो. काका ताज्या पावाचं कौतुक करताहेत ते ठीक, पण शिळ्याचीही बाजू कोणी घ्यायला हवी.

सी-३०१ काका: पूर्ण मान्य. वाळलेला तुकडा रस्सा पितो आणि आकारही धरून ठेवतो.

बी-४०३ वहिनी: ताई, सोमवारी हेच करणार. उरलेले पाव चालतील का?

सी-२०३ ताई: धावतील. आणि पाहुण्यांना रविवारी सकाळी जरीपटक्यात दालपकवान खायला घेऊन जा. उज्ज्वल नगरला मेट्रोत बसा, इंदोरा चौकात उतरा, मध्ये गाडी बदलायची नाही. पकवान तळलेला, पापडासारखा कुरकुरीत, चण्याची डाळ, वर चिंचेची चटणी आणि कच्चा कांदा. मग दुपारी पावभाजीला भूक राहील की नाही ते तुमचं तुम्ही पाहा.

बी-३०२: शीरमाल राहिलंच की. ऑफिसातला मित्र मोमिनपुऱ्यात राहतो, रमजानमध्ये आम्हाला घेऊन जातो. मैद्यात दूध, तूप, थोडी साखर. गरम असताना कोरडंच खाल्लं तरी चालतं. इफ्तारच्या आधी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून रात्री नऊनंतर जातो. मनीषनगरातून अख्खं शहर ओलांडावं लागतं, पण मला विचाराल तर मैद्याचा इतका चांगला उपयोग नागपुरात दुसरा कोणी करत नाही.

ए-३०४ भाऊ: मैदा, मैदा, मैदा! आता माझं ऐका. लंबी रोटीत मैद्याचा कणही नसतो. लोकवन गव्हाचं पीठ, वस्त्रगाळ केलेलं, अन् इतकं सैल भिजवायचं की नवख्यानं हात घातला तर कोपरापर्यंत चिकटून राहील. बाया ते परातीत आपटतात. उचलून आपटतात, परत उचलून आपटतात, पाण्याचा हात लावत. ताण आला की गोळा तळहातावर घेऊन दोन्ही हातांवर झेलत झेलत लांबवतात. लाटणं नाही, पोळपाट नाही. हातभर लांब, आरपार दिसेल इतकी पातळ झाली की चुलीवर उलट्या ठेवलेल्या मडक्यावर टाकायची. क्षणात फोड येतात, घडी करून काढायची. मडक्याची आच अन् हाताचा वेग चुकला की रोटी फाटली. कितीही मोठ्या हॉटेलच्या शेफला हे जमवून दाखवायला सांगा.

अन् वहिनी, ती मिळते कुठं हे विचारू नका, करते कोण हे विचारा. बोर्ड नसतो, दुकान नसतं. लग्नाच्या, मटण पार्टीच्या ऑर्डरी तोंडी जातात. आमच्या जुन्या मोहल्ल्यातल्या मावशी करून देतात. आदल्या दिवशी आकडा सांगावा लागतो. आणताना सुती कापडात बांधायची. प्लास्टिकमध्ये घातली की घामेजून लगदा, अन् उघडी राहिली की पापड. वाळलीच तर पाण्याचा हबका मारून झाकून ठेवायची.

बी-४०३ वहिनी: हे वाचून माझा बेतच बदलायला लागलाय. आमच्याकडे ब्रून मस्का मिळतो, तसा कडक पाव इथे नाही म्हणून मी इतके महिने कुरकुर करतेय.

ए-२०२ काकू: ब्रून विसर, नागपूरकर हो. आमच्याकडे सकाळी तर्री-पोहे लागतात, पाव नाही. म्हणून तर पाव धड मिळत नाही. मागणारेच कमी.

सी-३०१ काका: काकूंनी माझ्या लांबणीपेक्षा नेमकं सांगितलं. खप नसला की माल दुकानात पडून राहतो.

बी-४०३ वहिनी: मग असं ठरवते. दुपारी पावभाजी, रात्री लंबी रोटी, पाटोडीचा रस्सा आणि ज्यांना हवं त्यांना मटण. भाऊ, मावशींना वीस रोट्या सांगाल का?

ए-३०४ भाऊ: सांगतो. रविवारी सात वाजता मीच घेऊन येतो, कापड तुम्ही द्या. अन् माणूस म्हणून मलाही मोजा.

बी-४०३ वहिनी: मोजलं 🙏 काकू, पाववाल्याकडून सहाच्या दहा लाद्या मिळतील का?

ए-२०२ काकू: शनिवारी सांगून ठेवते. रोजच्या पेटीत इतका माल नसतो त्याच्याकडे. आणखी कोणाला हव्यात का, एकदाच सांगा.

सी-५०४: एक लादी. सावरडो करणारीलाही पावभाजी आवडते.

बी-३०४: दोन. सासूबाई हो म्हणाल्या.

ए-१०१ सेक्रेटरी: माझ्या दोन धरा.

ए-२०२ काकू: सदरच्या पावाचं काय झालं?

ए-१०१ सेक्रेटरी: रविवारी गाडी काढायला नको म्हणून.

ए-२०२ काकू: एकूण पंधरा लाद्या झाल्या. रविवारी साडेसहाला सगळ्यांनी आपापले पैसे घेऊन खाली या, मी कोणाचे भरणार नाही. त्याच्याकडे फोनवरून पैसे घ्यायची सोय नाही, सुट्टे आणा.