अनुभव धागा : हवाई अंतर किती आणि तास किती?

दोन शहरांमधलं हवाई अंतर क्षणात सापडतं. तेवढं अंतर कापायला किती तास लागतील, हे मात्र वारा, वाट आणि कधीकधी राजकारणही ठरवतं. लांबच्या प्रवासात तुम्हाला हे गणित कसं दिसलं, ते इथे लिहा. नुसते तास नकोत. विमान कुठल्या बाजूने गेलं, खिडकीतून काय दिसलं, तेही सांगा. सुरुवात मी करते.

लंडन–न्यूयॉर्क, सुमारे ५,५५० किलोमीटर. जाताना आठेक तास लागले, परतीला सातही नाहीत. अटलांटिकवर उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, वाहतो, हिवाळ्यात तर फारच जोरात. परतीच्या रात्री समोरच्या पडद्यावर वेग ताशी १,१०० किलोमीटरच्या वर गेला होता. दिवे मालवून जरा डोळा लागतो तोच नाश्त्याची ट्रॉली आली! फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यांच्या जोरावर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं होतं.

*

वाऱ्याचंच निघालं म्हणून लिहितो. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. २०१६ मध्ये एअर इंडियाने ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर १,४०० किलोमीटरने वाढलं आणि वेळ कमी झाला, कारण समोरचा वारा आता पाठीशी आला. लांबचा रस्ता लवकर पोचवतो, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

मी त्या वाटेने गेलो तेव्हा पहाटे निघालो होतो. थोड्याच वेळात उजाडलं, पुढे महासागरावर सूर्य मावळला, रात्र झाली आणि उतरताना पुन्हा पहाट. मध्ये तारीखरेषा ओलांडल्यामुळे तारीख तीच! एका तारखेत दोन पहाटा पाहायच्या असतील तर खिडकीची जागा घ्या आणि पडदा उघडा ठेवा. शेजाऱ्यांची झोप सांभाळून, अर्थात.

*

हेलसिंकी–टोकियो. पूर्वी साडेनऊ तासांच्या आसपास लागायचे. २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झालं आणि तोच प्रवास तेरा तासांवर गेला. शहरं जागेवरच आहेत, पण आईला भेटायला जाताना साडेतीन तास जास्त बसावं लागतं, याचं वाईट वाटतं.

*

दुबई–लॉस एंजेलिस, साधारण १३,४०० किलोमीटर, सोळा तास. विमान उत्तरेकडे का निघालंय, असं माझ्या मुलीने विचारलं. घरी आल्यावर तिला पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणायला लावला. सपाट नकाशावर अटलांटिक ओलांडेल असं वाटणारी वाट दोऱ्याने थेट ध्रुवाजवळून दाखवली. मग ती किती वेळ दोरा हलवत नवनवीन शहरं जोडत बसली होती.

*

तिकिटावरचे तास म्हणजे हवेतले तास नव्हेत, एवढं नवख्यांनी लक्षात ठेवावं. विमान गेटपासून हलल्यापासून पुढच्या गेटला लागेपर्यंतचा वेळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीच्या रांगेत उभं राहणंही त्यातच आलं. म्हणून उड्डाण वीस मिनिटं उशिरा झालं तरी लगेच पुढचं विमान चुकणार असं समजू नका. पुष्कळदा विमान वेळेवर उतरतं. माझ्या आईवडिलांना हे आधी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे जोडविमान पकडताना त्यांची घालमेल झाली नाही.