जळगावात रस्तारुंदी मागावी की सिटी बस? सही करायच्या आधी विचारतोय

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. पिंप्राळ्याकडे आमच्या कॉलनीत सध्या सह्यांची मोहीम जोरात चालूये. मागण्या दोन, आमचा मेन रस्ता रुंद करा आणि मार्केट भागात मोठं पार्किंग बांधा. ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की त्यापेक्षा आपण चांगली सिटी बस मागू या, झालं, सगळे तुटून पडले. एक काका म्हणे बस मागायला आपण काय गरीब आहोत का, दुसरे म्हणे आधी स्वतःची कार वीक मग शिकव.

कार आहे माझ्याकडे, हप्ते पण चालू आहेत, आणि ती बहुतेक दिवस कव्हर घालून गेटसमोर उभी असते कारण फुले मार्केटला कार नेली तर लावायची कुठे हाच मोठा प्रश्न. मग बाईकच काढतो. घरात जितकी माणसं तितक्या गाड्या. पोरगी अकरावीला, लायसनचं वय नाही तरी क्लासला जायला स्कुटी मागून राहिली आणि तिच्या बॅचच्या अर्ध्या पोरी चालवतात पण, हायवे ओलांडून. आईला सिव्हिलला दाखवायला न्यायचं तर कोणीतरी सुट्टी टाकायची, एकटी ती जाऊच शकत नाही. गुडघे चालतात तिचे, पण जायला काही नाही.

तर प्रश्न असा की गाडीवाल्या माणसाला पटेल असं काय सांगायचं? प्रदूषण वगैरे नका सांगू, त्यानं आमच्याकडे कोणी हलत नाही.

नवीपेठवाला

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. बस रिकामी फिरेल. आपलं गाव केवढं, बाईकला किक मारली की दहा-पंधरा मिनिटात कुठेही. मे महिन्यात ४५ डिग्रीला स्टॉपवर कोण उभं राहील भो? स्टॉप बांधले तरी त्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात आणि खाली स्टीलचं बाकडं असं तापतं की बसायची सोय नाही. दुसरं म्हणजे माझं दुकान आहे. लग्नसराईत खेड्यावरून जे गिऱ्हाईक येतं ते गाडी करून येतं, घरची पाच-सहा माणसं, साड्यांचे गठ्ठे घेऊन. त्याला लावायला जागा नाही मिळाली तर तो सरळ भुसावळला जाईल. पार्किंग पाहिजेच. माझी सही झाली पण.

आर्किटेक्ट_तापीकर

नवीपेठवाले भाऊ, तुमचं उन्हाचं म्हणणं एकदम बरोबर आहे, त्यावर नंतर येतो. आधी पार्किंगचा हिशोब करू. नियोजनात एका कारला उघड्या पार्किंगमध्ये २३ चौरस मीटर जागा धरतात, म्हणजे गाडी अधिक वळायची जागा, आणि तळघरात केलं तर ३२. बाजारातल्या कितीतरी दुकानांचा गाळा यापेक्षा लहान असेल. म्हणजे एका गिऱ्हाइकाची गाडी उभी करायला एका दुकानाएवढी जागा, ती पण सोन्याच्या भावाच्या भागात, आणि ते पैसे कोण भरणार तर ज्याच्याकडे गाडी नाही तो पण भरणार.

रुंदीचं तेच. एका लेनमधून तासाला नुसत्या खासगी गाड्या जात असतील तर ६०० ते १६०० माणसं जातात, आणि तीच लेन फक्त बसला दिली आणि बस लागोपाठ असल्या तर ४००० ते ८०००. रस्ता तोच, डांबर तेच. केंद्र सरकारच्या २००६ च्या शहरी वाहतूक धोरणात पण हेच लिहिलंय की माणसं हलवायची आहेत, वाहनं नाही. अमेरिकेत ह्यूस्टनला केटी फ्रीवे म्हणून रस्ता आहे, २००८ मध्ये रुंद करून झाला, काही ठिकाणी बाजूचे रस्ते धरून २६ लेन, आणि थोड्याच वर्षात गर्दीच्या वेळी लागणारा वेळ उलट वाढला. कारण जागा झाली की जे आधी गाडी काढत नव्हते ते पण काढतात. आपल्याकडे पैसे पण नाहीत आणि जागा पण नाही, तरी स्वप्न तेच.

सोनारगल्ली

इंदूरला पण बीआरटीएस, म्हणजे बससाठी कठडे घालून वेगळी लेन, केली होती ना, २०२५ मध्ये ती उखडायला घेतली. मग कशाला हौस.

उधना_टू_अमळनेर

इंदूरचं सांगता मग सुरतचं पण सांगा ना. मी मूळ अमळनेरचा, उधन्याला राहतो, इथे लिंबायत-उधना-डिंडोली म्हणजे अर्धा खान्देशच आहे. सुरतची बीआरटीएस २०१४ ला चालू झाली, शंभर किलोमीटरच्या वर जाळं आहे आता, आणि सोबत साध्या सिटी बस वेगळ्या. माझ्या गल्लीतली माणसं कामाला बसनं जातात. त्यांच्याकडे बाईक नाही असं नाही, आहेच, पण बस येतेच ही खात्री आहे. तीच माणसं दिवाळीला गावी आली की स्टेशनवरून घरी जायला रिक्षावाल्याशी घासाघीस करतात.

इंदूरचा कॉरिडॉर साडेअकरा किलोमीटरचा, एकाच रस्त्यावर होता, २०२५ च्या फेब्रुवारीत हायकोर्टानं तो काढायला सांगितला. पण कठडे काढायचे होते, बस बंद करायच्या नव्हत्या. जळगावला कठड्याची गरजच नाही अजून. आधी बस तर येऊ द्या.

जुना_बिल्लेवाला

मी वाहक होतो, आता रिटायर. कुठल्या आगारात ते राहू द्या.

तुम्ही सगळे बस-बस करून राहिले पण मागताय काय ते कळत नाहीये. बस कोणी पण आणतो. नारळ फुटतो, फुगे लागतात, पेपरात फोटो येतो. फेऱ्या मागा. मी आयुष्यभर भारमान नावाचा शब्द ऐकत आलो, म्हणजे गाडी किती भरली त्याची टक्केवारी. आता कोणत्याही मार्गाचं कसं होतं ते सांगतो. सकाळी गाडी गच्च, दुपारी बारा ते तीन रिकामी. वरून विचारणा होते की दुपारचं भारमान कमी का. मग दुपारच्या दोन फेऱ्या कापतात. कागदावर बरोबर दिसतं. पण जी बाई सकाळी गावात भाजी विकायला येते आणि एक वाजता परत जाते तिची परतीची गाडी गेली. मग ती सकाळी पण येत नाही, ती काळी-पिवळीत बसते. महिन्याभरात सकाळचं भारमान उतरतं. मग सकाळची एक फेरी कापतात. असं करत करत मार्ग मरतो आणि मग म्हणतात लोकांना बस नकोच होती.

परतीची खात्री नसली तर माणूस जायलाच बसत नाही. म्हणून दुपारची गाडी रिकामी दिसली तरी ती चालली पाहिजे, आणि रात्रीची शेवटची गाडी तर काही झालं तरी. शेवटच्या गाडीत मी कधी कधी चारच तिकिटं फाडली असतील, पण ती चार माणसं त्या गाडीच्या भरवशावर दिवसभर शहरात थांबलेली असतात.

अजून एक. वीस मार्ग मागू नका. प्रत्येक नगरसेवकाला आपल्या वॉर्डात बस पाहिजे असते, मग आहेत त्या गाड्या वीस मार्गांवर वाटल्या की प्रत्येक मार्गावर तासाला एक गाडी उरते, आणि तासाला एक गाडी म्हणजे लोकांसाठी नसल्यासारखीच. दोन मार्ग घ्या, पण दहा-बारा मिनिटाला गाडी. वेळापत्रक पाहायची गरजच नाही पडली पाहिजे.

गिरणाकाठ

आबा, हे भारी सांगितलं. हे मला माहीतच नव्हतं, मी नुसतं "बस पाहिजे" लिहिणार होतो. दोन मार्ग म्हणजे कोणते धरू?

आर्किटेक्ट_तापीकर

नकाशा बघितला तर जळगावचा कणा दिसतोच. बांभोरी-विद्यापीठाकडून खोटेनगर, शिव कॉलनी, आकाशवाणी चौक, इच्छादेवी, अजिंठा चौफुली आणि पुढे एमआयडीसी. पोरं एका टोकाला, कामगार दुसऱ्या टोकाला, म्हणजे सकाळी दोन्ही दिशेच्या गाड्या भरतात, हे फार कमी शहरांच्या नशिबात असतं. याच हायवेवर समांतर रस्त्यासाठी जळगावकरांनी किती आंदोलनं केली ते आठवा, माणसं मेली म्हणून केली. जी पोरं आज ट्रकच्या बाजूनं स्कुटी घालतात ती बसमध्ये बसली तर तोच सगळ्यात मोठा फायदा, गिरणाकाठभाऊ, आणि गाडीवाल्या बापाला हा मुद्दा लगेच पटतो. दुसरा मार्ग स्टेशन, टॉवर चौक, नवीन बसस्टॅण्ड आणि तुमचं पिंप्राळा.

पैशाचं विचारतील तर हे सांगा. पीएम ई-बस सेवा केंद्रानं ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केली, देशभरात १० हजार बस, २०११ च्या जनगणनेत तीन लाखांवर लोकसंख्या असलेली शहरं, आणि जिथे धड बससेवाच नाही त्यांना प्राधान्य. जळगाव तेव्हा ४ लाख ६० हजार होतं, धुळे पावणेचार लाख, दोन्ही बसतात. यात ऑपरेटरला पैसे किलोमीटरमागे मिळतात आणि केंद्राचा वाटा पण किलोमीटरमागेच, १२ मीटरच्या बसला २४ रुपये, ९ मीटरला २२, ७ मीटरला २०, दहा वर्षं. म्हणजे आबा म्हणतात ते करारातच बसतं, किती किलोमीटर, किती वाजेपर्यंत, हे शहरानं ठरवायचं. तिकिटातून येणारे पैसे कमी पडले तर फरक महापालिकेनं भरायचा, आणि फेऱ्या तिथेच कापल्या जातात. म्हणून निवेदनात बसची संख्या नको, वेळ लिहा. आणि १२ मीटरची गाडी नवीपेठेत वळणार पण नाही, ९ नाहीतर ७ मीटरचीच मागा.

अपडाउनवाली

मी भुसावळवरून अपडाउन करते, ट्रेनचा पास आहे. भुसावळ ते जळगाव २५ किलोमीटर स्वस्तात आणि पटकन होतात, आणि स्टेशनच्या बाहेर आलं की पुढच्या तीन किलोमीटरला खरी कटकट. शेअर रिक्षात पुढे ड्रायव्हरच्या बाजूला अर्धी सीट, संध्याकाळी अंधार पडला की तेवढी पण मिळत नाही आणि एकटीनं स्पेशल करायची भीती वाटते. ऑफिसमधल्या दोघींनी याच्यापायी गाडी घेतली. हौस नव्हती, हप्ता भरतात आता.

एक लक्षात ठेवा, एसटीत बायकांना अर्धं तिकीट १७ मार्च २०२३ पासून आहे, तेव्हापासून गाड्यांत बायका किती दिसतात ते बघा, पण ती सवलत एसटीची आहे. महापालिकेची बस आली तर ती आपोआप लागू होणार नाही, वेगळी मागावी लागेल. आणि स्टॉपपर्यंत चालायला फुटपाथ नको का? स्टॉपवर दिवा पाहिजे. नवीपेठवाले दादा उन्हाचं म्हणाले ते हसण्यावारी नेऊ नका, सावली नसेल तर मार्च ते जून बस आमच्यासाठी नाहीच. पत्र्याचं शेड नको, खाली भट्टी होते. कडुनिंब लावा आणि झाड मोठं होईपर्यंत जाड छप्पर. दहा मिनिटाला बस असेल तर उन्हात पण उभं राहता येतं, पाऊण तास नाही राहता येत.

धुयानं_पाखरू

मी धुयाना, रिक्षा चालाडस. बठ्ठा जण बस मांगी राहिनात, मांगा, पन आम्हना बी इचार करा. बस उनी तर आम्हना धंदा बसी जाई असं वाटस.

सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत लिहितो. रिक्षावाल्याशी न बोलता बस आणली तर पहिल्या दिवशी स्टॉपवर रिक्षाच उभ्या दिसतील आणि बसला थांबायला जागा नसेल, हे लिहून घ्या. आमचं म्हणणं एवढंच की कॉलनीतून बसस्टॉपपर्यंतचं काम आम्हाला द्या, ठरलेला स्टॅण्ड द्या, ठरलेला दर द्या. मोठ्या रस्त्यावर बसशी पळापळी करायला आम्हालाच परवडत नाही. तीनची परवानगी आणि पाच-सहा बसवतो, का बसवतो, कारण तिघांच्या भाड्यात गॅसचे पण पैसे निघत नाहीत. छोट्या फेऱ्या जास्त मिळाल्या तर कोण कशाला कोंबेल.

सोनारगल्ली

रिक्षावाल्यांचं पटलं. धुळ्याला पण असंच निवेदन द्या ना कोणीतरी.

नवीपेठवाला

सगळं वाचलं. पोरं हायवेवर गाडी घालतात हा मुद्दा मान्य, माझा भाचा पण घालतो. पण माझ्या गिऱ्हाइकाचं काय ते कोणी सांगितलं नाही.

उधना_टू_अमळनेर

दादा, तुमच्या दुकानासमोर दिवसभर कोणाच्या गाड्या उभ्या असतात ते एकदा बघा. गिऱ्हाइकाच्या की दुकानदारांच्या आणि नोकरांच्या? सुरतच्या बाजारात तर दुकानवाल्यांच्याच असतात, सकाळी लावल्या की रात्री निघतात. ते बसनं आले तर खेड्यावरच्या गाडीला जागा आपोआप झाली.

नवीपेठवाला

हा, ते खरंय. माझी पण समोरच असते.

गिरणाकाठ

मग निवेदन असं करतो. विद्यापीठ ते एमआयडीसी आणि स्टेशन ते पिंप्राळा हे दोनच मार्ग, सकाळी सहा ते रात्री दहा, दहा ते बारा मिनिटाला गाडी, दुपारची फेरी कापायची नाही हे करारात लिहा. स्टॉपला सावली आणि दिवा, बायकांना आणि म्हाताऱ्यांना सवलत, कॉलनीतून स्टॉपपर्यंत शेअर रिक्षाचे ठरलेले स्टॅण्ड. रुंदीकरणाची मागणी काढत नाही, कॉलनीतले काका सहीच करणार नाहीत, पण रुंद झालेल्या भागात आधी फुटपाथ आणि बसथांबा असं जोडतो. पार्किंगचं बांधकाम काढून टाकतो, त्याऐवजी बाजारात जास्त वेळ गाडी लावली तर तासावर पैसे. आबा, काही राहिलं का?

जुना_बिल्लेवाला

रात्री दहा नको, साडेदहा लिही. सेकंड शिफ्ट किती वाजता सुटते ते एमआयडीसीतल्या कोणाला तरी विचार आणि त्याच्यानंतर पंधरा मिनिटांनी शेवटची गाडी टाक. पोरं कपडे बदलून गेटवर येईपर्यंत वेळ जातो.

अपडाउनवाली

पीडीएफ टाका इथे, भुसावळच्या पासवाल्यांच्या ग्रुपवर फिरवते.

नवीपेठवाला

मी पण करतो सही, पण एक ओळ घाला, बाजारात माल उतरवायच्या टेम्पोला वेळ ठरवून द्या नाहीतर तुमची बस टॉवर चौकातच अडकेल. आणि ती वेळ सकाळी दहाच्या आत ठेवू नका, आमचे हमाल दहाच्या आत येत नाहीत.