व्यसनातून बाहेर येणाऱ्यांना पैशाचं शिकवायला सुरुवात कुठून करू?

जुनी कॅशियर, नौपाडा

सहकारी बँकेत ३४ वर्षं कॅश काउंटरवर काढली, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आता दर शनिवारी चार वाजता वागळे इस्टेटकडच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात पैशाचं नियोजन शिकवायला जाते. अकरा जण असतात. नऊ दारूचे, दोन मुलं ऑनलाइन गेममध्ये पैसे घालवलेली.

पहिल्या शनिवारी फळ्यावर जमाखर्चाचा तक्ता काढला, पोस्टाची आरडी समजावली, महिना १०० रुपयांपासून, पाच वर्षांची. सगळे मुकाट्याने उतरवून घेत होते. शेवटी रबाळे एमआयडीसीत काम करणारा एक जण म्हणाला, "मॅडम, आरडी राहू द्या. पगाराच्या दिवशी गेटपासून स्टेशनपर्यंत कसं जायचं तेवढं सांगा." कुणी हसलं नाही. बाकीच्यांनी वहीतून मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते फार लागलं. माझा धाकटा भाऊ दारूतच गेला. त्याच्या पगाराची रोकड कितीतरी महिने मी माझ्याच खिडकीतून त्याला मोजून दिली. सही जुळत होती, नोटा बरोबर होत्या, मी दिल्या.

म्हणून ज्यांनी हे भोगलंय त्यांना विचारते. सुरुवात कुठून करू? बऱ्याच घरांनी एटीएम कार्ड काढून घेतलंय, चाळिशीच्या बाप्याला सकाळी हातावर शंभर रुपये मिळतात. हे बरोबर आहे का? आणि देणी कोणत्या क्रमाने फेडायला सांगू?

तुर्भे मार्केट

ताई, त्या माणसाने नेमकं विचारलं.

मी कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, राहायला कोपरखैरणे. दारू सुटून सात वर्षं झाली. पगार जमा झाल्याचा मेसेज आला की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं, खरोखरचं पाणी. त्या वेळेला तक्ता कुणाला आठवतो?

पहिलं वर्षभर पगाराच्या दिवशी मेव्हणा मार्केटच्या गेटवर यायचा. काही बोलायचा नाही, सोबत बसने घरी. बँकेत सांगून मेसेज बायकोच्या नंबरवर घेतला. भाडं आणि पोरीची फी खात्यातून आपोआप जाईल अशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावली. आणि पाचशेची नोट बंद. पाचशेची नोट मी भाजीवाल्याकडे कधी मोडलीच नाही, ती वाइन शॉपवरच मोडायची. आजही पन्नासाच्याच नोटा ठेवतो.

वहीत एकच आकडा लिहायचो, संध्याकाळी सहाला खिशात किती. बाकी हिशोब नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे दारू सोडणाऱ्यांचा गट, त्याच्या मीटिंगला माझा स्पॉन्सर, म्हणजे आधी दारू सोडलेला सोबती, ती वही बघायचा. दीड महिन्याने त्यानेच दाखवलं, ज्या ज्या दिवशी ३०० च्या वर होते तो दिवस मला जड गेला होता. मग दोनशेच्या वर ठेवायचेच नाहीत असं ठरलं.

एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगा, कारण मला कुणी सांगितली नव्हती. चौथ्या महिन्यात खात्यात १८,००० साठले. लग्नानंतर पहिल्यांदा. इतका आनंद झाला, की आता एकदा घेतली तर काय बिघडतं, पैसे तर आहेत, असं वाटलं. नऊ दिवस पीत होतो. पैसे संपण्याची भीती सगळे घालतात, साठण्याचीही भीती असते हो.

देण्याचं म्हणाल तर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या नवव्या पायरीत, ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई करायची असते. मी गल्लीतल्या किराणावाल्यापासून सुरू केलं. ३,४०० उधारी. पहिले दोन रविवार दुकानापर्यंत जाऊन परत आलो, तोंड दाखवायची हिंमत नव्हती. मग दर रविवारी २००. सतरा रविवार लागले. त्या दुकानासमोरून रोज जावं लागतं, म्हणून ते आधी.

खारीगावची

मी बायकोच्या बाजूने लिहिते. कार्ड मीही काढून घेतलं होतं आणि त्याची मला लाज नाही, घरात तांदूळ नव्हता. पण परत कधी द्यायचं ते ठरवलं नव्हतं. सहा महिने न पिऊनही माणूस दहा रुपयांच्या चहासाठी हात पुढे करत होता. एकदा मुलासमोर केला, तेव्हा मला कळलं काय चाललंय ते.

मग आम्ही यूपीआय सर्कल घेतलं, म्हणजे माझ्या खात्यातून त्यांच्या फोनवरून पैसे देता येतील अशी सोय. ते स्कॅन करायचे, मंजुरी माझ्या फोनवर यायची, मी पिन टाकला की पैसे जायचे. त्रास झाला. मी लोकलमध्ये, कळव्याच्या पुढे नेटवर्क नाही, आणि हे औषधाच्या दुकानात बिल हातात घेऊन उभे. तरी आठ महिने तसंच चाललं. नंतर पूर्ण अधिकार दिला, म्हणजे दर वेळी माझी मंजुरी नको, महिन्याची मर्यादा घालून. जास्तीत जास्त १५,००० घालता येते, आम्ही ४,००० घातली. तारीख आधी ठरवून कॅलेंडरवर लिहिली होती. ते रोज त्या चौकोनाकडे बघायचे.

ताई, घरच्यांनाही एखाद्या शनिवारी बोलवा.

जुनी कॅशियर, नौपाडा

दोघांचे मनापासून आभार. तुर्भेवाले दादा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला.

एका बाबतीत मात्र माझं बँकेतलं डोकं ऐकत नाही. किराणावाला व्याज लावत नाही, कर्जाची अ‍ॅप लावतात. हप्ता चुकला की दंड वेगळा. म्हणून अ‍ॅपचा हप्ता आधी, पण किराणावाल्याचे २०० रविवारी गेलेच पाहिजेत, असं मी सांगणार आहे. त्या दोन मुलांना किती ठिकाणी कर्ज आहे तेच नीट आठवत नाही. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन गेम बंद झाले, कर्ज थोडंच बंद झालं? क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावर कुठे किती कर्ज आहे त्याची नोंद, वर्षातून एकदा फुकट मिळतो, ही नोंद ठेवणाऱ्या सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, हाय मार्क या चारही कंपन्यांकडे. तो काढून समोर ठेवला की आकडा तरी कळेल.

काल शनिवार होता. तक्ता काढलाच नाही. प्रत्येकाला कोरा कागद दिला आणि कामावरून घरापर्यंतचा रस्ता काढायला सांगितला. रबाळ्याच्या दादांनी गेटापासून स्टेशनपर्यंत चार चौकोन काढले: एटीएम, वाइन शॉप, दोन बार. मग पेन्सिल थांबवून, बऱ्याच वेळाने, मागच्या बाजूने एक रेघ ओढली. "इकडून लांब पडतं, पण जाता येतं."

पहिल्या तारखेपासून ते कामावर जातायत, पगार ७ तारखेला. त्यांचे थोरले भाऊ साडेपाचला गेटवर येणार आहेत. मी सहा वाजता फोन करणार आणि खिशात किती आहेत ते विचारणार, असं आमचं ठरलंय.