नोहाच्या तारवाला सुकाणू का नाही?

खाडीकाठ: बायबलात महापुरातून वाचायला नोहाने तारू, म्हणजे मोठं जहाज, कसं बांधायचं ते देव बारीकसारीक सांगतो, ३०० हात लांब, ५० रुंद, ३० उंच, तीन मजले, बाजूला दार, आतून-बाहेरून डांबर. पण सुकाणू, शीड, वल्ही ह्यांचा उल्लेखच नाही. माझं ठाम मत आहे की हे मुद्दाम गाळलंय, दिशा माणसाच्या हातात नाही म्हणून. हिब्रूत तारवाला 'तेवा' म्हणतात आणि हा शब्द आणखी एकाच गोष्टीत येतो, नाईलमध्ये सोडलेल्या तान्ह्या मोशेची. त्याच्या पेटाऱ्यालाही डांबर फासलेलं. मराठी बायबलात एकीकडे तारू, दुसरीकडे पेटारा, त्यामुळे हे नातं आपल्याला दिसतच नाही.

बंदरवाला: नाही पटत. पूर ओसरेपर्यंत नुसतं तरंगायचंय, कुठे जायचंच नाही, मग सुकाणू कशाला लावेल कोणी? बायबलातल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २७ वा अध्याय वाचा, सोर ह्या बंदराच्या शहराला जहाज म्हटलंय. सनीर डोंगरावरच्या लाकडाच्या फळ्या, लबानोनच्या गंधसरूची डोलकाठी, बाशानच्या ओकची वल्ही, मिसरच्या वेलबुट्टीदार कापडाचं शीड, फटी बुजवायला गबाल शहराचे जाणते कारागीर. कुठला माल कुठनं येतो हे पक्कं ठाऊक असलेला माणूस बोलतोय हो हा. फळीफळीला गूढ अर्थ चिकटवलात की त्याची नजरच हरवते.

खाडीकाठ: अहो पण तेच जहाज पुढे पूर्वेचा वारा भर समुद्रात फोडतो, एवढं नटवलंय ते बुडताना काळजात लागावं म्हणूनच. आणि शीड तिथे 'नेस' म्हणजे निशाण होतं, मोशेने वाळवंटात पितळेचा साप लावला तो खांबही नेसच. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, ३३ व्या अध्यायात, दोर ढिले पडलेत, डोलकाठी धड उभी राहत नाही, तिथेही तोच शब्द आलाय.

अलिबागकर: तुम्ही दोघं देवापासून पळणाऱ्या योना संदेष्ट्याला विसरलात. तो याफो बंदरात उतरतो, जहाजात उतरतो, मग पार तळाशी उतरून झोपतो, हिब्रूत तिन्ही वेळा एकच धातू, आणि पुढे त्याला गिळणाऱ्या माशाच्या पोटातल्या प्रार्थनेत 'डोंगरांच्या मुळांपर्यंत उतरलो' म्हणताना चौथ्यांदा. वर खलाशी माल समुद्रात फेकतायत आणि हा खाली गाढ झोपलाय! आमच्याकडे नवगावला बेने इस्राएल ह्या कोकणातल्या ज्यू समाजाच्या पूर्वजांचं जहाज फुटलं, सात पुरुष सात बायका वाचल्या अशी त्यांची परंपरा आहे. त्या किनाऱ्यावर उभं राहून योना वाचला की जहाजाचा तळ म्हणजे नुसती माल ठेवायची जागा वाटत नाही.

बंदरवाला: योनाचा तळ मान्य, कारण तिथे शब्दच परत परत येऊन सांगतोय. तारवात जे लिहिलंच नाही त्याचा अर्थ लावणं मला अजूनही पटत नाही.