धंद्यासाठी सोपा नंबर हवाय, डीलर साडेसहा हजार मागतोय

गणवेशवाली_अशोकचौक:
नमस्कार. अशोक चौकाजवळ आमचं शाळेच्या गणवेशाचं शिलाई युनिट आहे. जूनमध्ये पालकांचे फोन रात्री अकरापर्यंत येतात आणि ते सगळे यांच्या घरच्या नंबरवर. म्हणून धंद्याचं वेगळं सिम घेतोय. टेम्पोच्या मागच्या फळीवर नंबर रंगवायचाय, पेंटर दोनदा विचारून गेला. नवी पेठेतल्या एका डीलरने शेवटी चार सारखे अंक असलेला नंबर दाखवला, साडेसहा हजार सांगतोय. "कंपनीची फी आहे" म्हणतो, पण पावती देत नाही. कंपन्या नंबर निवडायचे असे पैसे खरंच घेतात का?

बाळीवेस_बंडू:
ताई, पावती नाही तर पैसे नाहीत. विषय संपला.

निवृत्त_लाइनमन:
ताई, कंपन्या पैसे घेतात, पण ते त्यांच्या साइटवर उघड लिहिलेले असतात. जिओने चॉइस नंबर ४९९ रुपयांत आणला होता, त्यात शेवटचे ४ ते ६ अंक आपण सुचवायचे. बीएसएनएल फॅन्सी नंबरांचा ऑनलाइन लिलाव करतं, जास्त बोली लावेल त्याला नंबर. साधे नंबर मात्र यादीतून फुकट निवडता येतात. बऱ्याच कंपन्यांच्या साइटवर हवे ते अंक टाकून शोधता येतं. आधी तिथे तासभर बसा.

नंबर हा सरकारचा साठा आहे, कंपनीला तो वापरायला दिलेला असतो. माझा जीव तुटतो तो इथेच. गल्लीतला माणूस सरकारी साठ्यातला नंबर अडवून ठेवतो आणि कष्टाने धंदा करणाऱ्या बाईकडून हजारो रुपये उकळतो!

दुसरा धोका मोठा आहे. असे लोक बहुधा नंबर आधीच कुणाच्या तरी नावावर चालू ठेवतात आणि तुम्हाला पोर्टिंगचा, म्हणजे तोच नंबर दुसऱ्या कंपनीत नेण्याचा, कोड देतात. पोर्ट करताना मालक बदलता येत नाही. आधी त्याच कंपनीत नावबदल, दोघांची कागदपत्रं देऊन, मगच पोर्ट. नाव त्याचं आणि फळीवर नंबर तुमचा, असं झालं तर उद्या तो डुप्लिकेट सिम काढून नंबर घेऊन जाईल.

गणवेशवाली_अशोकचौक:
काका, खूप आभार. चार सारखे अंक नसले तर लोकांच्या लक्षात राहील का?

निवृत्त_लाइनमन:
राहतो की. दहा अंक जोड्यांत तोडा आणि बोलून बघा. "सत्तर सत्तर" किंवा "पंचवीस पन्नास" असा शेवट तोंडात बसतो, आणि असे नंबर फुकटच्या यादीत सापडतात. पेंटरला पाच-पाच अंकांत जागा सोडायला सांगा आणि १ नि ७ वेगळे ओळखू येतील असे काढायला लावा. होटगी रोडला मागच्या गाडीवाल्याला वाचायला दोन क्षण मिळतात.

बाळीवेस_बंडू:
अजून एक ताई. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनी दुसऱ्याला देता येतो. माझ्या भावाला तसा मिळाला, जुन्या मालकाच्या कर्जवसुलीचे फोन कित्येक महिने येत होते. फळी रंगवण्याआधी दोन-तीन आठवडे सिम वापरून बघा. व्हॉट्सअॅप लावताना कुणाचं जुनं खातं निघतं का तेही कळेल.

गणवेशवाली_अशोकचौक:
पेंटरला थांबायला सांगितलं. डीलरलाही 'नको' म्हणून कळवलं. संध्याकाळी मुलाला घेऊन यादीत शोधते.